बैठक जमवणारे गृहस्थ

लिहिणारे आणि लिहायला बसणारे या दोन वेगळ्या जमाती आहेत. पहिल्या जमातीतला माणूस ओळखायला त्याचा मजकूर वाचावा लागतो. दुसऱ्या जमातीतला टेबलावरूनच ओळखू येतो. टेबल लख्ख पुसलेलं असतं. त्यावर कोरी वही, वहीखाली रबरी चटई, डावीकडे दिवा, उजवीकडे तीन पेनं, आणि टेबलाच्या एका पायाखाली चार घड्या घातलेली कुणाची तरी लग्नपत्रिका. हे गृहस्थ पंचविशीत सापडतात तसे पंच्याहत्तरीतही सापडतात. तरुणाला रोजनिशी लिहायची असते, मध्यमवयीनाला कादंबरी, आणि निवृत्ताला आत्मचरित्र; आत्म्याने दगा दिलाच तर निदान कुलवृत्तांत. लिहीन तर हातानेच, संगणकावर बोटं आपटणार नाही, हा निर्धार मात्र तिघांचाही पक्का. ‘मग, कुठवर आलं लिखाण?’ असं विचारलं की उत्तर तयार असतं : ‘डोक्यात सगळं तयार आहे हो, फक्त बैठक जमत नाहीये.’ या उत्तरावर मंडळी गालात हसतात. मला वाटतं, हसण्याआधी ते उत्तर जरा तपासून पाहावं. कारण हे गृहस्थ खोटं बोलत नाहीत. बैठक खरोखरच जमत नसते, आणि ती का जमत नाही याची कारणं त्यांच्याइतकी बारकाईने दुसऱ्या कुणीही शोधलेली नसतात.

पहिलं कारण वही. दोनशेपानी वही उघडून पहिल्या पानावर लिहायला घेतलं की वरच्या पंधरा-वीस ओळी मजेत जातात. मग हात खाली सरकतो आणि शेवटच्या पाच-सहा ओळींना तळहाताची कड वहीवरून घसरून टेबलावर पडते. पेन वहीवर, हात टेबलावर, मध्ये बोटभर जाडीची पायरी. इतका वेळ ओळीला नीट टांगलेली अक्षरं माना टाकू लागतात. पान उलटून डाव्या बाजूला यावं तर तिथे उलटा प्रकार : डावीकडे एक पुठ्ठा आणि एक पान, उजवीकडे उरलेल्या सगळ्या पानांचा उंचवटा, आणि ओळ संपता संपता हात तो चढ चढतोय. दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या होतात त्या फक्त वहीच्या मध्यावर. म्हणून आत्मचरित्राचा आरंभ मधल्या पिनेपासून करावा असा निष्कर्ष काही जण काढतात आणि जन्म, मुंज, शाळा हा भाग मागच्या पानांवर सवडीने लिहायचा ठरवतात. बाकीचे तितक्याच जाडीची दुसरी वही पहिलीच्या खाली, हात टेकायला, ठेवून पाहतात. ती सरकते. तिच्याखाली चटई आली, की चटईच्या जाडीचा हिशेब आला. तारेची वही सपाट उघडते खरी, पण डाव्या पानावर प्रत्येक ओळीच्या शेवटी तार तळहाताला टोचते. फक्त उजव्या पानांवर लिहावं तर अर्धी वही वाया, आणि त्याचे रुपये किती होतात हे गृहस्थांनी पुठ्ठ्यावर मांडलेलं असतं. त्या वहीतला तेवढाच मजकूर.

वही एकदाची ठरली की जागेचा प्रश्न सुरू होतो. जेवणाचं टेबल साधारण तीस इंच उंच. साध्या खुर्चीत बसलं की बेताच्या उंचीच्या माणसाला खांदे वर उचलून लिहावं लागतं. खुर्चीवर उशी घातली की कोपर बरोबर पातळीला येतं, पण पाय लोंबकळतात. पायाखाली पाट घेतला की गुडघे वर येऊन टेबलाच्या आडव्या पट्टीला लागतात. म्हणून जमिनीवर चौरंग मांडून पारंपरिक बैठक. दहा मिनिटांत उजव्या पायाला मुंग्या. मग पलंगावर, पाठीला लोड आणि मांडीवर मुलाचा परीक्षेचा पॅड. पॅडची क्लिप वर ठेवली तर पान उलटताना मध्ये येते, खाली ठेवली तर पोटाला लागते. शिवाय ट्यूबलाइट पलंगाच्या मागे, त्यामुळे स्वतःच्याच डोक्याची सावली वहीवर. जागा बदलून पंख्याखाली बसावं तर पानं फडफडतात; पंखा बंद करावा तर घामाचा थेंब पडून शाई फुटते. एवढं होईतो सात वाजतात, बातम्या लागतात, आणि ‘उद्या सकाळी ताज्या उजेडात’ असं म्हणून गृहस्थ उठतात. सगळं घर त्यांनी पालथं घातलेलं असतं. वहीवर एक ‘श्री’ असतो, आणि तो सुरेख असतो.

याला कामचुकारपणा म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. कामचुकार माणूस इतके कष्ट घेत नाही. शिवाय गृहस्थांची एकेक तक्रार तपासली तर रास्त ठरते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडूनच हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी पेनच्या टोकावर पडते. वही अगदी सरळ ठेवण्यापेक्षा तिचं वरचं टोक थोडं डावीकडे कलतं ठेवलं तर मनगट मुडपावं लागत नाही. लिहायची फळी लिहिणाऱ्याच्या बाजूला जरा उतरती असली तर मान कमी वाकते. पेढीवरच्या मुनीमजींचं बुटकं मेज तसं उतरतं असायचं ते उगाच नव्हे. हे सगळं बरोबर आहे. चूक आहे ती पुढे. गृहस्थ असं धरून चालतात की अडचणी मोजक्या आहेत आणि एकेक करून संपतील. पण बसण्याच्या बाबतीत अडचण संपत नसते, ती पुढच्या सांध्यात जाते : मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात, खांद्यातून कमरेत. कितीही उत्तम आसन घ्या, तासाभरात माणूस चुळबुळ करतोच. देहाचा स्वभावच तो. म्हणजे सोयीचा शोध आपोआप कधीच पुरा होत नाही. तो कुणीतरी थांबवावा लागतो. माझं म्हणणं असं, की या गृहस्थांना गैरसोय नडत नाही, निवड नडते. बसायच्या सात जागा, चार वह्या आणि तीन पेनं हाताशी असली की चौऱ्याऐंशी बैठका होतात, आणि त्यातली सर्वांत चांगली कोणती हे ठरल्याशिवाय पहिलं वाक्य लिहिणं त्यांना घाईचं वाटतं.

पुरावा हवा तर पेशव्यांच्या फडावरचा कारकून पाहावा. त्याच्या हातचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून ठेवलेले आहेत आणि असे रुमाल हजारोंनी आहेत. हा माणूस जमिनीवर बसे, एक गुडघा उभा करी आणि त्या गुडघ्यावर कागद टेकवून लिही. आजच्या कुठल्याही हाडवैद्याने हे आसन पाहिलं तर तो डोळे मिटून घेईल. ना टेबल, ना दिवा, ना चटई. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता मोडी अक्षरं टांगत जायची. पाठ दुखत नसेल का? दुखत असणारच. पण फडणीस खर्डा मागत होते आणि बसायची दुसरी तऱ्हा त्याच्यासमोर कुणी ठेवली नव्हती. उमेदवारीत पाहिलेली तीच एक बैठक, तोच बोरू, तीच दौत. वर्षानुवर्षं लिहून त्याचा हात बसला आणि हात बसला तसं ते अवघड आसनही अंगवळणी पडलं. आधी सोय आणि मग लेखन, हा आपल्या गृहस्थांचा क्रम त्याला ठाऊकच नव्हता. त्याची सोय लेखनाच्या मागून आली, आणि आली ती कुणी शोधली म्हणून नव्हे.

तुरुंगातले दाखले तर सगळ्यांना पाठ आहेत. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात 1910-11च्या हिवाळ्यात लिहिलं, तेही पेन्सिलीने. कारण शाई मिळत नव्हती. सुटे कागदही मिळत नव्हते. पानं मोजून आकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. नेहरूंचं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ 1944मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, पाच महिन्यांत. हे दाखले गृहस्थांच्या तोंडावर फेकले जातात ते ‘बघा, त्यांनी किती हाल सोसले’ अशा सुरात, आणि गृहस्थ बिचारे ओशाळतात. हा सूर मला पटत नाही. हाल सोसल्याने ग्रंथ होत असते तर प्रत्येक बराकीतून एकेक ग्रंथ बाहेर पडला असता. तुरुंगाने लेखकाला दिली ती वेगळीच गोष्ट : वही कोणती, लेखणी कोणती, बसायचं कुठे, हे प्रश्न सरकारने स्वतःच्या शिरावर घेतले. टिळकांपुढे पेन्सिल की टाक असा पेच नव्हता, त्यामुळे सगळी बुद्धी कर्मयोगाला मोकळी राहिली. यावर गृहस्थांचं उत्तर असतं, की ती माणसं अलौकिक, त्यांचे दाखले आम्हा सामान्यांना काय कामाचे? ठीक आहे, अलौकिक माणसं सोडून देऊ. दहावीचा मुलगा घ्या. दरवर्षी मार्चमध्ये लाखो मुलं डुगडुगत्या बाकांवर बसून तीन-तीन तास लिहितात. बाकावर आधीच्या पिढ्यांनी कर्कटकाने कोरलेली बदामं आणि नावं, त्यात पेनचं टोक अडकून कागदाला भोकं पडतात. मुलं अलौकिक नसतात, हे निकालात दिसतंच. पण पुरवण्यांवर पुरवण्या जोडल्या जातात आणि ‘सर, बैठक जमत नाहीये’ अशी तक्रार पर्यवेक्षकाकडे कुणी करत नाही.

सर्वांत जड पुरावा मात्र खुद्द गृहस्थच देतात, आणि तो बँकेत. पैसे भरायची स्लिप लिहिताना त्यांना पाहावं. उभ्याने, छातीएवढ्या उंच फळीवर, सुतळीने बांधलेल्या पेनने ते लिहीत असतात. पेनला टोपण नाही, रिफिल एकाच कोनात धरली तर उमटते, सुतळी अपुरी असल्याने स्लिप पेनजवळ न्यावी लागते, मागचा माणूस खाकरतोय आणि शेजारचा कोपर मारतोय. तरीही खात्याचा आकडा चौकटीबाहेर जात नाही, रक्कम अक्षरी झकास वळणात उतरते आणि सही तर पाहत राहावी अशी होते. वहीची जाडी, उजेड, मनगट, कशाचीही आठवण त्यांना होत नाही. घरी आल्यावर त्यांना आणखी एक दृश्य दिसू शकतं, पण ते तिकडे पाहत नाहीत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर असतं, त्याच्या खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल अडकवलेली असते, आणि घरातली बाई एका हातात झारा धरून दुसऱ्या हाताने तारखेच्या चौकटीत ‘1 ली. जास्त’ असं लिहून मोकळी होते. कागद उभा, हात अधांतरी, पाठीमागे फोडणी. वर्षाअखेर दूध, धोबी, गॅस, पाहुणे आणि आजारपणं यांची संपूर्ण बखर त्या बारा पानांवर तयार असते. घरातला खरा कुलवृत्तांत तोच, फक्त त्याला प्रकाशन समारंभ मिळत नाही. मंडाले, फड, परीक्षा, बँक आणि कॅलेंडर यांत समान काय ते पाहा : काम नेमकं ठरलेलं आहे, कुणीतरी वाट पाहतंय, आणि हत्यार एकच आहे.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. हात दुखतो त्याचं काय? बोटं आखडतात, अंगठ्याचा सांधा ठणकतो, त्या माणसालाही सुतळीचं पेन द्यायचं का? अजिबात नाही. आणि डावखुऱ्यांचं गाऱ्हाणं तर शंभर टक्के खरं आहे. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे त्यांचा हात नुकत्याच लिहिलेल्या ओल्या शाईवरून फिरतो. तारेची वही त्यांना पहिल्याच पानापासून टोचते. पण या खऱ्या दुखण्यांवरचे उपाय पाहिले तर ते फार थोडे आहेत. पेन इतकं घट्ट धरायचं नाही की बोटाचं पेर पांढरं पडेल. दुखण्याचं मोठं कारण बहुधा हीच पकड असते. टेकवताक्षणी उमटेल असं पेन घ्यायचं, म्हणजे दाबावं लागत नाही. नुसती बोटं न चालवता कोपरापासून हात सरकू द्यायचा. डावखुऱ्याने वहीचं वरचं टोक उजवीकडे कलतं ठेवायचं, पेन टोकापासून थोडं वर धरायचं, लवकर वाळणारी शाई आणि वरून उलटायची वही घ्यायची. अर्ध्या-पाऊण तासाने उठून हात झटकायचे. एवढं करूनही ठणका राहिला तर डॉक्टरांकडे जायचं, स्टेशनरीच्या दुकानात नव्हे. हे सगळं समजावून घ्यायला पाव तास लागतो. गृहस्थांची अडचण ही, की पाव तासात सुटणारा प्रश्न त्यांना प्रश्नच वाटत नाही. त्यातून ते इंग्रजी हस्ताक्षराचे व्हिडिओ पाहतात, तिरक्या अक्षरासाठी सांगितलेला वहीचा मोठा कल देवनागरीला लावतात, आणि आपल्या उभ्या काना-दांड्या कलल्या की नवं पेन आणतात.

दुसरा आक्षेप थोरामोठ्यांच्या नावाने येतो. खुद्द समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास घातला आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. मग आम्ही सरंजाम जमवला तर काय बिघडलं? समास आहे, आणि तो वाचण्याजोगा आहे. पण त्याचा रोख कुणीकडे ते पाहावं. अक्षर वाटोळं, सुटं आणि सरळ असावं, ओळी सारख्या याव्यात, कागदाच्या कडेला जागा सोडावी, म्हणजे उद्या कड झडली तरी अक्षर झडणार नाही. ही सगळी काळजी वाचणाऱ्याची आहे, शंभर वर्षांनी पोथी उघडणाऱ्याची. आपल्या गृहस्थांचा सगळा सरंजाम लिहिणाऱ्याच्या कमरेसाठी असतो. मग ते परदेशी लेखकांचे दाखले काढतात : रोआल्ड डाल बागेतल्या झोपडीत जुन्या आरामखुर्चीत बसून, खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून, पिवळ्या कागदांवर पेन्सिलीने लिहीत, हेमिंग्वे उभ्याने लिहीत. बरोबर आहे. पण डालची ती झोपडी, ती खुर्ची, ती फळी आणि तो पिवळा कागद वर्षानुवर्षं तेच राहिले. फळी एकदा हिरव्या कापडाने मढवली आणि विषय संपला. त्याने निवडीची कटकट एकदाच केली आणि पुढचं आयुष्य पुस्तकांना दिलं. आपले गृहस्थ ती फळी सुताराकडून बनवून घेतात, मढवतात, आणि मग कापड हिरवं हवं की राखाडी, यावर येऊन थांबतात.

शेवटचा आक्षेप दयाळू लोकांचा. त्या गृहस्थांनी कुणाचं काय घोडं मारलं आहे? कुणाचंच नाही. उलट त्यांचे उपकार आहेत. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली दुकानं त्यांच्यासारख्यांमुळे गजबजलेली असतात. सोसायटीतल्या मुलांना परीक्षेआधी कुठलं पेन घ्यावं, कुठल्या वहीत शाई फुटत नाही, हे तेच बिनचूक सांगतात, आणि त्यांनी दिलेल्या पेनने पोरं पेपर सोडवून येतात. शिवलेल्या बांधणीची वही एकदम न फाकवता दोन्ही टोकांकडून थोडी थोडी पानं दाबत उघडली की शिवण न तुटता सपाट बसते, हे त्यांच्याखेरीज कोण सांगणार? अशी माणसं गावात असावीतच. लिहिणाऱ्यांना टेबल डुगडुगतंय हे कळतही नाही, ते यांच्यामुळे कळतं. म्हणून त्यांना बदलावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण एखाद्या गृहस्थांना मनापासून, तातडीने आणि याच जन्मी आत्मचरित्र पुरं करायचं असेल, तर उपाय पुराव्यावरून उघड आहे. घरातल्या तीन वह्या आणि दोन पेनं शेजारच्या मुलांना वाटून टाका. उरलेलं एक पेन सुतळीने खिडकीच्या गजाला बांधा. रोज संध्याकाळी सहा वाजता घरातल्या कुणीतरी त्यांच्या पाठीशी उभं राहून, हातात पासबुक धरून, अधूनमधून खाकरावं. महिन्याभरात मुंजीपर्यंतचा मजकूर तयार होईल. फक्त सुतळी किती लांब असावी, हे त्यांना विचारू नका.